सगळं खापर वडापाववर कशाला?

महोदय,

कालच्या पुरवणीतला ‘तरुणाई आणि मधुमेह’ वाचला. लेखक स्वतः डॉक्टर आहेत, अनुभवीही असतील, त्यांच्याविषयी आदर ठेवूनच लिहिते. पण मोबाइल, वडापाव, जागरणं आणि ‘आजकालचे पालक’ अशा चौघांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून लेख संपला, तेव्हा माझी दुपारची झोप उडाली. सोबत चित्र नेहमीचंच, बर्गर खाणारा गुबगुबीत मुलगा. तुमच्या चित्रकारांना दुसरा मुलगा काढताच येत नाही का?

माझी भाची सोळाव्या वर्षी जेमतेम चाळीस किलोची होती. खो-खो खेळायची. कॉलेजच्या तपासणीत लघवीत साखर निघाली, मग रक्तातही निघाली. वय लहान, अंगाने किडकिडीत, म्हणजे टाइप वन (शरीरात इन्सुलिन बनणंच बंद होतं तो मधुमेह), असा हिशेब आमच्या भागातल्या एका नावाजलेल्या हॉस्पिटलात पाच मिनिटांत उरकला आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिन सुरू झालं. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या शेजारी इन्सुलिनची पेनं. एसटीने आजोळी जायचं तर थर्मासमध्ये बर्फ. परीक्षेला बसताना आधी पर्यवेक्षकांना चिठ्ठी दाखवायची, की खिशात ग्लुकोजची बिस्किटं का आहेत. आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई वहिनीला विचारणार, “लहानपणी फार गोड दिलंत का हो हिला?” वहिनीने पुढे कित्येक वर्षं होळीला पुरण शिजवलं नाही.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘कुटुंबात मधुमेह’ असा एक रकाना होता. त्यात ‘हो’वर खूण झाली आणि विषय संपला. कुणाला, कितव्या वर्षी, तेव्हा अंगाने कसे होते, औषध कुठलं चालतं, हे कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की माझ्या आईची साखर तिच्या पहिल्या बाळंतपणातच सापडली, विशीत. ती जन्मभर काडीसारखी बारीक होती, आणि डाओनील या मधुमेहाच्या जुन्या औषधाच्या अर्ध्या गोळीवर ऐंशी पार करून गेली. भावाची साखर नोकरीला लागतानाच्या मेडिकलमध्ये निघाली. धाकट्याचीही तिशीच्या आत. दोघेही गोळीवर.

पाच-सहा वर्षं अशी गेल्यावर पुण्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी हे सगळं विचारलं. प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला त्यांनी आमचा वंशवृक्षच मांडला. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, आणि ज्यांना साखर ते पेनाने भरलेले. आजी भरलेली, बाप भरलेला, काका भरलेला, पोरगी भरलेली. मी तेवढी कोरी. मग रक्ताच्या दोन तपासण्या झाल्या. टाइप वनमध्ये सापडणाऱ्या अँटिबॉडीज तिच्यात नव्हत्याच. सी-पेप्टाइड उत्तम होतं, म्हणजे तिचं स्वतःचं इन्सुलिन एवढ्या वर्षांनीही बनत होतं. शेवटी जनुकांची तपासणी. ती स्वस्त नाही, पण इन्सुलिनही फुकट मिळत नव्हतं. निदान निघालं मॉडी, म्हणजे एकाच जनुकातल्या दोषाने तरुणपणीच होणारा, घराण्यात उतरणारा मधुमेह. तिच्यात एचएनएफ१ए या जनुकातला दोष. स्वादुपिंडात इन्सुलिन आहे, पण साखर वाढली की ते सोडायचा इशारा नीट पोचत नाही. ग्लिक्लाझाइडसारखी जुनी, साधी गोळी तो अडलेला टप्पा वगळून पेशीला थेट इन्सुलिन सोडायला लावते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू इंजेक्शनं बंद झाली, गोळी राहिली. डोळे आणि मूत्रपिंड दरवर्षी तपासावे लागतातच, त्यात सूट नाही.

या जनुकातल्या दोषाने मधुमेह होतो हे १९९६ साली सापडलं, तेव्हा भाचीचा जन्मही व्हायचा होता. या रुग्णांना गोळी इतकी छान लागू पडते, हेही २००३ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आमच्या तालुक्याला बातमी पोचायला अंमळ उशीर झाला, एवढंच.

‘असे रुग्ण दुर्मीळ’ म्हणून लेखात एक ओळही नसावी? शंभर मधुमेहींत एकच धरला, तरी दहा कोटी मधुमेहींच्या देशात ते दहा लाख होतात. यातलाच दुसरा एक प्रकार आहे, जीसीके जनुकाचा. त्यात उपाशीपोटीची साखर जन्मापासून थोडी वरच राहते, शंभर ते एकशेचाळीसच्या आसपास, आणि सहसा औषधच लागत नाही. अशा किती पोरांना आपण गोळ्या आणि कारल्याचा रस पाजत असू! आणि ज्या बाळांना सहा महिन्यांच्या आतच मधुमेह होतो, त्यांनी कुठल्या गाडीवर वडापाव खाल्ला? अशा बाळांची जनुकं तपासायलाच हवीत. त्यातल्या एका जनुकाच्या ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचं इन्सुलिन सुटून गोळी सुरू झाल्याचं २००६ सालीच प्रसिद्ध झालंय. या तपासण्यांसाठी परदेशीही जावं लागत नाही. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये त्या होतात.

आता थोडं तुमच्याबद्दल. याच पुरवणीच्या मागच्या पानावर ‘इन्सुलिनला कायमचा रामराम’ अशी चूर्णाची जाहिरात आहे. मधुमेह बरा करतो म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे तुमच्या जाहिरात विभागाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. माझ्या भाचीचं इन्सुलिन सुटलं ते तपासणीनंतर, निदान झालं म्हणून. खऱ्या टाइप वनच्या मुलाने ही जाहिरात वाचून इन्सुलिन सोडलं, तर काही दिवसांत त्याच्या जिवावर बेतेल. माझं पत्र छापलंत तर कृपा करून हे वाक्य कापू नका. मागे पाणीपट्टीवरच्या माझ्या पत्रातलं नेमकं मुद्द्याचं वाक्य तुम्ही कापलं होतं.

लेखकमहाशयांना एकच विनंती. पुढच्या लेखात पालकांना रागावून झालं, की एक परिच्छेद आपल्या व्यवसायबंधूंसाठीही लिहावा. पंचविशीच्या आतला, अंगाने बारीक रुग्ण समोर आला आणि त्याच्या घरात ओळीने दोन-तीन पिढ्यांना लहान वयातच साखर असली, तर टाइप वन लिहून मोकळं होण्याआधी त्या दोन तपासण्या कराव्यात. भाचीला मुलं झाली तर प्रत्येकाला हा दोष येण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. त्यांच्या वेळी तरी कुणी पुरणपोळीचा हिशेब मागू नये.

आपली,
एक आत्या, कराड

ता. क. – लेखाचा टाइप बारीक आणि चूर्णाचा ठळक, हे आम्हा म्हाताऱ्यांच्या सोयीसाठी असेल तर उलट करा.