विषय : परदेशातील एटीएममधून रोख काढताना आकारलेले शुल्क आणि त्याबाबत आपल्या प्रतिनिधीने दिलेला सल्ला

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

आपल्या ग्राहक सेवेशी या विषयावरचे माझे चौथे संभाषण आत्ताच संपले. ते ४१ मिनिटे चालले, त्यांपैकी २६ मिनिटे मी आपल्या बँकेचे जाहिरातगीत ऐकत होते, आणि उरलेल्या १५ मिनिटांत मला जे सांगण्यात आले ते बँकेचे अधिकृत मत आहे की एका प्रतिनिधीची कल्पनाशक्ती, हे मला लेखी हवे आहे. या प्रकरणाचे तक्रार क्रमांक आपल्याकडे तीन आहेत, कारण दर वेळी आधीची तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद करून नवी नोंदवण्यात आली. मी एकदाही समाधानी असल्याचे सांगितलेले नाही.

परदेश प्रवासात मी आपल्या डेबिट कार्डाने एकाच दिवशी, एकाच यंत्रातून, तीन वेळा सारखीच रक्कम काढली. त्याआधीचा एक प्रयत्न फसला होता. एवढ्या व्यवहारासाठी माझ्या खातेउताऱ्यावर १२ नोंदी आहेत : तीन रकमा, तीन वेळा स्थिर शुल्क, तीन वेळा ३.५ टक्के परकीय चलन मार्कअप (चलन बदलून देताना बँक दरावर चढवते ती जादा आकारणी), आणि फसलेल्या प्रयत्नाच्या आणखी तीन. स्थिर शुल्क प्रत्येक रकमेच्या २ टक्के पडले. म्हणजे हातात आलेल्या प्रत्येक १०० मागे आपण ५.५ घेतलेत, आणि हे त्या कार्डावर, ज्याच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ‘प्रवासात निर्धास्त’ असे छापलेले आहे.

मी अजाण प्रवासी असते तर ही रक्कम शिकण्याची किंमत म्हणून सोडून दिली असती. तसे नाही. निघण्यापूर्वी दोन आठवडे मी आपल्याच शाखेत जाऊन, आपल्याच अधिकाऱ्यांकडून, रोख काढताना शुल्क कसे टाळावे हे समजून घेतले होते, आणि त्यांनी जे सांगितले ते अगदी योग्य होते, हेही मी येथे नोंदवते. विमानतळावरच्या चलन बदलून देणाऱ्या खिडकीकडे फिरकू नका, कारण ‘कमिशन नाही’ अशी पाटी लावून ते कमिशन दरातच मुरवलेले असते. क्रेडिट कार्डाने रोख काढू नका, कारण ती उचल धरली जाते आणि खरेदीला मिळते तशी बिनव्याजी मुदत न मिळता बहुधा पहिल्या दिवसापासूनच व्याज चालू होते. स्थिर शुल्क रकमेवर नव्हे तर व्यवहारावर लागते, तेव्हा थोडी थोडी रोख अनेकदा काढण्यापेक्षा एकदाच पुरेशी काढा. आमच्या भागीदार बँकेचेच यंत्र वापरा, तेथे स्थिर शुल्क माफ आहे. आणि यंत्राने ‘रक्कम तुमच्या स्वतःच्या चलनात वळती करू का’ असे विचारले तर न चुकता नकार द्या आणि स्थानिक चलनातच व्यवहार करा. हे शेवटचे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. या पत्राचे मूळ त्यातच आहे.

या पाचही गोष्टी मी केल्या. भागीदार बँकेचे यंत्र आपल्याच अ‍ॅपच्या नकाशावर शोधले, आपण लावलेल्या खुणेपर्यंत चालत गेले आणि भागीदार बँकेच्याच दारात, तिच्याच पाटीखाली उभ्या असलेल्या यंत्रात कार्ड घातले. आता आपण म्हणता की इमारत भागीदार बँकेची असली तरी यंत्र तिचे नव्हते. ते तेथे जागा घेऊन बसलेल्या एका खासगी कंपनीचे होते, म्हणून माफी लागू नाही. असेलही. परंतु नकाशावर खूण आपण लावलीत. ग्राहकाने यंत्राचे मालकीपत्र कोणत्या बाजूला शोधायचे, हे आपल्या प्रवास मार्गदर्शिकेत कोठेही लिहिलेले नाही.

एकदाच मोठी रक्कम काढण्याचा आपला सल्लाही त्या यंत्रापुढे निकामी ठरला. माझ्या कार्डाची दैनंदिन मर्यादा पुरेशी होती, पण यंत्राची स्वतःची एका व्यवहाराची मर्यादा माझ्या गरजेच्या एक तृतीयांश होती. ज्या ठिकाणी मी उतरले होते तेथे कार्ड घेत नव्हते आणि भाडे त्याच संध्याकाळी द्यायचे होते, तेव्हा तीनदा रक्कम काढण्यावाचून मार्ग नव्हता. तीच रक्कम एका व्यवहारात मिळाली असती तर स्थिर शुल्क १०० मागे पाऊणही पडले नसते. कार्ड देणाऱ्या बँकेची मर्यादा वेगळी आणि यंत्राची वेगळी, ही गोष्ट आपल्या तज्ज्ञांना निश्चितच ठाऊक असणार. ती ग्राहकाला सांगण्याचे मात्र कोणाला सुचले नाही.

फसलेल्या प्रयत्नाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यातील कौशल्याचे मला खरोखर कौतुक वाटले. यंत्राने रक्कम मोजल्याचा आवाज केला, नोटा दिल्या नाहीत आणि कार्ड परत केले. खात्यातून मात्र पैसे गेले. सहा दिवसांनी ते परत आले, पण गेले तेवढे नाही. जाताना आपण त्या दिवशीच्या दरावर ३.५ टक्के चढवले होते आणि येताना सहाव्या दिवशीच्या दरातून ३.५ टक्के उतरवले. जो व्यवहार झालाच नाही, त्याचे चलन दोनदा बदलले गेले आणि दोन्ही वेळा मेहनताना आपण घेतला. वर ‘अयशस्वी व्यवहार शुल्क’ म्हणून आणखी एक नोंद आहे. अपयश यंत्राचे, शुल्क माझ्या नावावर.

आता आजचे संभाषण. ते मी होता होईल तो शब्दशः देते, कारण आपल्याकडेही ते ध्वनिमुद्रित आहे. तसे सुरुवातीलाच ‘प्रशिक्षणाच्या हेतूने’ सांगण्यात आले होते, आणि प्रशिक्षणाची निकड किती आहे हे त्यावरून आपणास कळेल.

मी आपल्या प्रतिनिधींना सांगितले की यंत्राने दोन पर्याय दाखवले होते. एक हिरवा, मोठा, ‘रूपांतरासह’, म्हणजे रक्कम तेथेच माझ्या चलनात वळती करून. दुसरा राखाडी, कोपऱ्यात, ‘रूपांतराविना’, म्हणजे स्थानिक चलनातच. मी दुसरा निवडला. त्यावर ते म्हणाले, “मॅडम, तीच तर आपली चूक झाली. आपण आपले चलन निवडले असते तर आम्हाला रूपांतर करावे लागले नसते आणि मार्कअप लागला नसता.”

ऐकण्यात चूक झाली असे वाटून मी त्यांना तेच पुन्हा सांगायला लावले. त्यांनी पुन्हा सांगितले, या वेळी अधिक सावकाश, जसे लहान मुलाला पाढे सांगतात तसे. मी म्हणाले की यंत्राने देऊ केलेला दर कार्ड कंपनीच्या त्या दिवशीच्या दरापेक्षा ९ टक्क्यांनी वाईट होता. मी स्क्रीनचे छायाचित्र काढले आहे, आणि व्हिसा व मास्टरकार्ड या दोन्ही कंपन्या आपापले रोजचे दर संकेतस्थळावर खुले ठेवतात, कोणीही ताडून पाहावे. उत्तर आले, “तो यंत्राचा दर आहे मॅडम, तो आमच्या हातात नसतो. पण आमचे साडेतीन टक्के तर वाचले असते ना?”

म्हणजे साडेतीन वाचवण्यासाठी नऊ द्यावेत. हा हिशोब एका बँकेचा प्रतिनिधी मला समजावून सांगत होता.

मी त्यांना विनंती केली की आपल्याच दरपत्रकातील परदेशी व्यवहारांचे कलम उघडून वाचावे. त्यांनी मला थांबवून ठेवले. गीत पुन्हा सुरू झाले. सात मिनिटांनी परत येऊन त्यांनी ते कलम मोठ्याने वाचले : परदेशात झालेला व्यवहार खात्याच्या चलनात नोंदवला गेला तरी मार्कअप लागू राहील. वाचून झाल्यावर काही क्षण कोणीच बोलले नाही. मग ते, मला वाटते प्रामाणिक आश्चर्याने, म्हणाले, “म्हणजे मॅडम, साडेतीन टक्के तसेही लागलेच असते.” मी म्हणाले, होय, नवावर साडेतीन, साडेबारा, आणि वर आपले स्थिर शुल्क. त्यावर उत्तर मिळाले, “हो, पण रक्कम आपल्याला आपल्या चलनात कळली असती.”

मी गप्प राहिले. ते माझे समाधान समजून त्यांनी पुढे विचारले की मुळात एवढी रोख काढायची गरज काय होती, हल्ली सगळीकडे कार्ड चालते. आणि आजच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल.

महोदय, शुल्काचे दुःख एक वेळ पचते. जो नियम आपल्या शाखेने मला शिकवला, तो पाळल्याबद्दल आपल्याच ग्राहक सेवेने मला दोषी ठरवले, आणि त्यासाठी जो पर्याय सुचवला तो मला सर्वाधिक महाग पडला असता, हे पचत नाही. ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ या नावाने चालणाऱ्या त्या सोयीत दर यंत्र चालवणारी कंपनी आणि तिची रूपांतर सेवा ठरवतात आणि जादाचा वाटाही तिकडेच जातो, हे आपणास मी सांगावे असे नाही. युरोपीय संघाने त्यासाठी २०१९/५१८ क्रमांकाचा नियम केला आणि १९ एप्रिल २०२० पासून संघातील अशा रूपांतराचा भार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरावर किती टक्के जादा आहे हे ग्राहकाच्या होकारापूर्वी दाखवणे बंधनकारक केले. तेथे कायदा करून ग्राहकाला ज्या सापळ्याबद्दल सावध करावे लागले, तो आपले प्रतिनिधी उपाय म्हणून सुचवत आहेत. मी ज्या देशात होते तेथे यंत्राने टक्केवारी दाखवली नाही. भरगर्दीत, मागे रांग उभी असताना, मी ती स्वतः काढली. आपल्या प्रतिनिधींपुढे रांग नव्हती आणि दरपत्रकही समोर होते.

पुन्हा सांगते, नकाशावरची खूण आपली होती. हा मुद्दा मी चारही वेळा मांडला आणि चारही वेळा मला यंत्राच्या मालकीची माहिती देण्यात आली, जणू ती माहिती यंत्राकडे जाण्यापूर्वी माझ्याकडे असायला हवी होती आणि आपल्याकडे नसली तरी चालणार होते. काल सकाळी पाहिले तेव्हा ती खूण नकाशावर जशीच्या तशी होती. माझ्यानंतर तेथे किती खातेदार गेले असतील, याची मोजदाद आपण ठेवत नसाल, परंतु त्यांचे स्थिर शुल्क आपल्या जमेच्या बाजूला नक्कीच मोजलेले असेल.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. तिन्ही वेळचे स्थिर शुल्क परत करावे, कारण माफीची खूण पाहूनच मी त्या यंत्राकडे गेले. फसलेल्या व्यवहारात गेलेली पूर्ण रक्कम, म्हणजे दोन्ही बाजूंचा मार्कअप आणि दरातील फरक, आणि अयशस्वी व्यवहाराचे शुल्कही परत करावे. यशस्वी व्यवहारांवरचा मार्कअप मी मागत नाही. तो आपल्या दरपत्रकात छापलेला होता आणि मी तो वाचूनच गेले होते. आपल्या दोघांपैकी निदान एका पक्षाने दरपत्रक वाचलेले असावे म्हणून सांगितले. नकाशावरची ती खूण काढावी आणि रूपांतराबाबत ग्राहक सेवेला काय शिकवले जाते, त्याची प्रत मला द्यावी.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास हेच पत्र, स्क्रीनचे छायाचित्र, तिन्ही पावत्या आणि १२ नोंदींचा खातेउतारा यांसह आपल्या नियामकाकडे जाईल. खाते बंद करण्याची धमकी मी देत नाही, कारण पुढच्या प्रवासासाठी परकीय चलनावर मार्कअप न घेणारे दुसरे खाते मी गेल्या आठवड्यातच उघडले आहे. आपले खाते १८ वर्षांचे आहे. पहिला पगार त्यातच जमा झाला होता, आणि कोणी बँकेचे नाव विचारले की मी आपले नाव सांगत असे. आता विचारले तर ‘रूपांतराविना’ म्हणजे काय ते आधी समजावून सांगते आणि बँकेचे नाव टाळते. आपल्या जाहिरातगीतात ‘जिथे जाल तिथे आम्ही सोबत’ अशी ओळ आहे. मी ती आज २६ मिनिटे ऐकली आहे, आणि खातेउतारा पाहता ती खोटी आहे असे म्हणता येत नाही.

या पत्राचे उत्तर लेखी द्यावे. दूरध्वनी करू नये.

आपली खातेदार