उपकारस्तुती सर्वांच्या मुखी असावी

महोदय,

पुण्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) गेल्या रविवारी बायबलमधील १३६ वे स्तोत्र वाचले गेले. त्याच्या २६ ही वचनांचा शेवट ‘त्याची दया सनातन आहे’ असाच होतो. म्हणजे एकाने देवाचा उपकार सांगावा आणि सर्वांनी मिळून उत्तर द्यावे, अशीच त्याची घडण आहे. तरीही ते सगळे ध्वनिक्षेपकावरून एकट्यानेच वाचले आणि आम्ही बाकांवर गप्प बसून राहिलो. माझ्या शेजारच्या आजींचे ओठ मात्र प्रत्येक वचनाला हलत होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती उपासनेला मराठी भजने दिली, आणि भजनात तर एकाने उचललेली ओळ सर्वांनी झेलायची असते. पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) हे उत्तर मंडळीकडे परत सोपवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे