ताई, पॅड जागचं हलत नाही!

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे आभार खासगीतही मानता आले असते. पण पडद्यावरचे बाण बघून पायाखालच्या त्याच बाणांवर पावलं टाकायच्या खेळातल्या घडीच्या डान्स मॅटला वैतागलेले माझ्यासारखे बरेच आहेत. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर पडावं, म्हणून चारचौघांत लिहितोय.

मी फक्त विचारलं होतं, कोणतं पॅड घेऊ? तुम्ही उलट मलाच विचारलंत: नाचणार कोण, बूट घालून की अनवाणी, फरशी गुळगुळीत आहे का, आणि खालच्या मजल्यावर कोणी राहतं का? निम्मी निवड त्या प्रश्नांतच उरकली. कधीमधी गंमत म्हणून खेळणाऱ्याला मॅट पुरते, हेही तुम्ही मोकळेपणानं सांगितलंत. स्वतः पॅड बनवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे सहसा ऐकू येत नाही.

मॅटच्या आत वीज वाहून नेणारे दोन थर असतात आणि मधे भोकं पाडलेला फोम. पाय पडला की भोकांतून थर एकमेकांना टेकतात. फोम चेपला, थर चुरगळले की बाण लागत तरी नाही, नाहीतर लागलेलाच राहतो. हे सगळं व्हायच्या आधीच मॅट पायाखालून सरकू लागते, तेही नजर पडद्यावर खिळलेली असताना. कोनामीचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ १९९८ साली आर्केडमध्ये आला, तेव्हा बाण एका जड चौथऱ्यात बसवलेले होते आणि मागे धरायला दांडा होता. मॅटच्या रूपानं घरी आले ते नुसते बाण. वजन तिकडेच राहिलं. म्हणूनच मी सेन्सरबद्दल विचारत सुटलो की तुमचं एकच पालुपद असायचं, “ते नंतर बघू. आधी पाट हलता कामा नये.”

तर मी घरीच बनवलेल्या पॅडचा पाट असा झाला. खाली १८ मिलिमीटरचं अखंड प्लायवूड, त्याच्या तळाला पूर्णभर रबर. नुसत्या कोपऱ्यांना रबराच्या गुट्ट्या लावल्या तर मधला भाग पोकळ राहून ढोलासारखा वाजतो, हे तुमचंच निरीक्षण. वर तीन बाय तीनचे नऊ चौकोन: चार कोपरे आणि मधला पक्के स्क्रूनं आवळलेले, उरलेल्या चार खाचांत बाण. प्रत्येक चौकोन साधारण २८ सेंटिमीटरचा. बाणांवर ॲक्रिलिक न घालता पॉलिकार्बोनेट घाल, हा सल्ला तर सोन्यासारखा. ॲक्रिलिक दिसतं छान, पण स्क्रूच्या भोकापासून तडकतं. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे पडतात, आणि ओरखड्यांचं मला काही नाही. फक्त मोजे घालून त्यावर कोणी चढू नये!

चारही बाण एकदम करू नकोस, एक कर आणि त्यावर मनसोक्त उड्या मार, असंही तुम्ही बजावलंत. पहिला बाण ॲल्युमिनियम फॉइलचा केला: दोन थर, कडेला फोमच्या पट्ट्या. चालला. पण कडेवर पाय पडला तर दाद देईना. मग तुम्ही दाबानुसार विजेचा रोध बदलणारे सेन्सर सुचवलेत, एका बाणाखाली चार, चारही बाजूंना एकेक. दाब वाढला की त्यांचा रोध उतरतो. आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, तो फरक ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतं, आणि कितीला ‘पाऊल पडलं’ म्हणायचं ते आपण ठरवायचं. घरातल्या हलक्या मुलासाठी आकडा खाली आणायचा, माझ्यासाठी वर न्यायचा. लाकूड न उघडता!

आर्डुइनोतही ऊनो नको, लिओनार्डो घे, असं तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. लिओनार्डो यूएसबीवर थेट कीबोर्ड किंवा जॉयस्टिक म्हणून उभं राहतं, जुन्या ऊनोला ते सरळसरळ जमत नाही. आणि डावा-उजवा बाण जॉयस्टिकच्या एकाच अक्षावर न लावता वेगवेगळ्या बटणांवर लावायला सांगितलंत. अक्षावर लावले तर दोन्ही पाय एकदम पडल्यावर डावं-उजवं एकमेकांना खाऊन टाकतं आणि ती उडी गेममध्ये मोजलीच जात नाही. इतकी बारीक गोष्ट मला दुसरं कोण सांगणार होतं?

स्टेपमॅनिया या संगणकावरच्या बाणांच्या खेळावर आता रोज कोणी ना कोणी घाम गाळतं. खालच्या मजल्याचा प्रश्न मात्र रबरानं पूर्ण सुटलेला नाही. धप्पकन पडणारी उडी जाणवतेच, म्हणून रात्री पॅड बंद.

राहिला तो मागचा दांडा. तो वेगळा उभा न करता पाटालाच जोडायचा, म्हणजे आपल्याच वजनानं पाट दाबून राहील, हे ध्यानात आहे. पाइप किती जाडीचा घेऊ आणि पाटाला पट्टी कुठून मारू, एवढं सवडीनं कळवा.

तुमचा,
धाकटा नाचरा भाऊ