टॉवरचा हिशेबही छापा

मा. संपादक,
स. न.

मोबाइल कंपन्यांचे तिमाही निकाल तुमच्या अर्थपानावर येतात, तेव्हा मथळा बहुधा ग्राहकामागच्या कमाईचा असतो. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले, कमाई वाढली, बातमी संपली. माझा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे, म्हणून मला त्यात टॉवर दिसतो. माग बंद ठेवला तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. दोन पाळ्या चालला तरच तो निघतो. टॉवरचंही तसंच. जागेचं भाडं, वीज, बॅटऱ्या, लाइट गेली की डिझेल... खाली शंभर ग्राहक असोत की हजार, खर्च जवळपास तेवढाच. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं बसतात ती याचसाठी.

बीएसएनएलचं बघा. खासगी कंपन्यांचं फोर-जी २०१६ नंतर झपाट्यानं पसरलं; बीएसएनएलच्या देशी फोर-जीचं देशव्यापी उद्घाटन झालं सप्टेंबर २०२५ मध्ये. तोवर गिऱ्हाईक थांबतंय होय? ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीत तिला २६२ कोटींचा नफा झाला, तोही २००७ नंतर पहिल्यांदा. आता नवे टॉवर वहीत चढले की त्यांचा घसाराही, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी धरायचा खर्चही, चढणार. त्यामुळं एखाद्या तिमाहीत तोटा दिसला, तर लगेच ‘सरकारी कंपनी, दुसरं काय’ म्हणू नये. नवे माग घेतले त्या वर्षी माझाही ताळेबंद बघवत नव्हता.

याच्या उलटही होतं. टॉवर वाढवले नाहीत की चार-सहा तिमाह्या नफा गुटगुटीत दिसतो. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावरच्या गर्दीत माझ्या फोनवरून पैसे जाईनात, नुसतं चाक फिरत राहिलं. शेवटी पाळणेवाला म्हणाला, “मामा, रोख द्या, मागं लाइन लागलीय.” ही संध्याकाळ कंपनीच्या कुठल्याच रकान्यात येत नाही, आली तर मी नंबर पोर्ट करीन तेव्हाच.

म्हणून विनंती अशी, की एकदा सोलापूरपुरता हिशेब छापा. शहरात टॉवर किती, त्यातले फायबरनं जोडलेले किती, आणि रस्ते नि जलवाहिनीच्या खोदाईत वर्षाला केबल किती वेळा तुटते? तुटल्यावर भरपाई कोण देतं, हेही विचारा.

आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टॉवर नको म्हणून अर्ज गेला होता, त्यावर माझीही सही आहे, हे सांगून टाकतो.

– एक यंत्रमागधारक, सोलापूर