लेकीबरोबर सोने विलायतेला धाडण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२५ च्या जुलैमध्ये डब्लिनच्या टॅला भागात एका भारतीयावर टोळक्याने हल्ला केला. पाठोपाठ आणखी काही प्रकार घडले आणि १ ऑगस्टला तिथल्या भारतीय दूतावासाने, निर्जन भागात, विशेषतः अवेळी, जाऊ नका असे पत्रक काढले. तेव्हापासून इकडच्या आईवडिलांच्या फोनवर एकच प्रश्न असतो, ‘तिकडे रस्त्यावर भीती नाही ना?’ प्रश्न रास्तच आहे. पण शेजारच्या ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ज्या धोक्याची नेमकी कल्पना हवी, त्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण तो आपल्याच कपाटात ठेवलेला असतो. तो म्हणजे घरातले बावीस कॅरटचे सोने.

ब्रिटिश पोलीस याला सरळ ‘एशियन गोल्ड’ म्हणतात. बीबीसीने २०१९ मध्ये पोलीस दलांकडून आकडे मागवले, तेव्हा पाच वर्षांत सुमारे १४ कोटी पौंडांचे असे सोने चोरीला गेल्याचे निघाले आणि त्यात सिंहाचा वाटा लंडनचा होता. चोराचा हिशेब साधा आहे. तिथल्या बाजारात सर्रास मिळणारा दागिना नऊ कॅरटचा, म्हणजे त्यात सोने ३७.५ टक्के. आपली पाटली ९१.६ टक्के. तेवढ्याच वजनात जवळजवळ अडीचपट सोने. शिवाय टीव्ही-लॅपटॉपला नंबर असतो, ते विकताना पकडले जाण्याची भीती असते. कोल्हापुरी साज एकदा वितळवला की तो गोळा कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

यात कायद्याचीही एक गंमत आहे. तांब्याच्या तारा आणि छपरावरचे शिसे चोरीला जायला लागले म्हणून इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ साली भंगार व्यापाराचा कायदा आला आणि भंगार धातूचे पैसे रोखीने देण्यावर बंदी आली. पण त्याच कायद्यात ‘भंगार’ या शब्दाच्या व्याख्येतून सोने आणि चांदी वगळली आहे. म्हणजे तांब्याची वेटोळी रोखीने विकता येत नाहीत, पण तोडे मोडीत काढून नोटा घेऊन जाता येते. तिथे मतदान करणाऱ्या मराठी माणसांनी (भारतीय नागरिकांनाही राष्ट्रकुलामुळे तिथे मताचा अधिकार आहे) आपल्या खासदाराला विचारावे असा हा प्रश्न आहे.

चोऱ्यांचा हंगामही ठरलेला असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि दिवाळीच्या सुमाराला साडेचार-पाचलाच अंधार पडतो. अंधारी घरे आणि उजेडाची घरे बाहेरून चटकन कळतात. त्यात आपण सहकुटुंब मंडळाच्या कार्यक्रमाला जातो, तिथूनच नथ-शालूतले फोटो टाकतो, म्हणजे अंगावर किती आहे आणि घरी कोणी नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाहीर. फोटो दुसऱ्या दिवशी टाकले तर काही बिघडत नाही. बैठकीच्या खोलीतला एक आणि वरच्या मजल्यावरचा एक असे दोन दिवे दहा-बारा पौंडांच्या टायमरवर लावावेत, वेगवेगळ्या वेळी लागतील-विझतील असे. तोरण काढा, चपला आत ठेवा असेही कोणी सुचवते. चपला जरूर आत ठेवा, तोरण राहू द्या.

दागिने लपवण्याच्या आपल्या जागा आपल्याला फार हुशारीच्या वाटतात. तांदळाचा डबा, देवघराखालचा खण, पलंगाखालची सूटकेस, गिझरच्या कपाटातल्या चादरींची घडी. ज्याने अशी दोन घरे फोडली, त्याला तिसऱ्या घरी विचार करावा लागत नाही.

आता दार. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांना पीव्हीसीचे किंवा कंपोझिट दार असते. ते नुसते लोटून घेतले की फक्त लॅचची जीभ अडकते. हँडल वर उचलले की दाराच्या कडेतले आकडे (हुक) चौकटीत बसतात आणि त्यानंतर किल्ली फिरवली तरच ते तिथे पक्के राहतात. भारतात लॅचच्या दाराची सवय असलेली माणसे नेमकी इथे चुकतात, आणि रात्री झोपताना तर हमखास. दुसरी कच्ची जागा म्हणजे किल्लीचे सिलिंडर, म्हणजे कुलपात किल्ली घालतो तो भाग. जुने, स्वस्त सिलिंडर मधल्या स्क्रूच्या भोकापाशी नाजूक असते आणि बाहेरून जोर लावला की तिथेच तुटते. उपाय चाळीस-पन्नास पौंडांचा आहे. नवे सिलिंडर घेताना त्यावर ब्रिटिश काइटमार्क आणि तीन तारे असलेले टीएस ००७, किंवा ‘सोल्ड सिक्युअर डायमंड’ यांपैकी एक खूण असलीच पाहिजे.

ते बसवायला कारागीर लागतोच असे नाही. दार उघडून त्याच्या जाड कडेवर, किल्लीच्या रेषेत असलेला लांब स्क्रू काढायचा. मग किल्ली घालून किंचित फिरवायची, म्हणजे सिलिंडरची आतली चकती सरळ रेषेत येते आणि सिलिंडर बाहेर ओढता येते. चकती तिरपी असेल तर कितीही ओढा, ते हलत नाही, आणि बरेच जण इथेच हार मानतात. मोजमाप स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून आतल्या आणि बाहेरच्या टोकापर्यंत वेगवेगळे घ्यायचे, उदाहरणार्थ ३५ आणि ४५ मिलिमीटर. दोन्ही बाजू सारख्या धरून सिलिंडर मागवले की एक टोक बाहेर डोकावते. हँडलच्या पट्टीबाहेर ते तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आलेले असेल तर पक्कड धरायला जागा मिळते आणि सगळा खर्च पाण्यात जातो. घर भाड्याचे असेल तर मालकाची परवानगी ईमेलवर घ्यावी. किल्ल्या दाराजवळच्या खुंटीवर टांगू नयेत. पत्रपेटीच्या फटीतून आकड्याने त्या ओढता येतात.

विम्याबाबत तर आपल्याकडे भलताच विश्वास असतो. घरमालकाचा विमा इमारतीचा असतो, भाडेकरूच्या पाटल्यांचा नाही. स्वतःची घरसामानाची पॉलिसी असली तरी एका वस्तूची कमाल रक्कम त्यात ठरलेली असते, बहुधा दीडएक हजार पौंडांच्या आसपास. त्याहून महाग प्रत्येक डाग नाव आणि किमतीसह वेगळा नोंदवावा लागतो, आणि सगळ्या मौल्यवान वस्तूंची मिळून वेगळी मर्यादा असते ती निराळीच. सोन्याचा भाव चढला की जुने मूल्यांकन निरुपयोगी ठरते, म्हणून ते दर दोन-तीन वर्षांनी नव्याने करून घ्यावे. आणखी एक कलम मराठी माणसाला खास नडते. घर सलग ३० दिवसांहून जास्त (काही पॉलिसींत ६०) रिकामे राहिले की चोरीचे संरक्षण थांबते. लग्नाला म्हणून सहा आठवडे पुण्या-नागपूरला येणाऱ्यांनी निघण्याआधी विमा कंपनीला कळवून लेखी उत्तर घ्यावे. जबरदस्तीने आत शिरल्याची खूण नसेल तरीही दावा अडतो, म्हणजे पुन्हा ते न फिरवलेल्या किल्लीचेच प्रकरण.

दागिन्यांची ओळख ठेवण्याचे काम भारतातच करून घेता येते. १ एप्रिल २०२३ पासून इकडे हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) बंधनकारक आहे आणि तो प्रत्येक नगाचा वेगळा असतो. भिंगातून तो वाचून लिहून ठेवावा, दागिना पट्टीशेजारी ठेवून पुढून-मागून फोटो घ्यावा, वजन ग्रॅममध्ये लिहावे, सोनाराच्या पावतीचा फोटो जोडावा आणि हे सगळे फोनमध्येच न ठेवता ईमेलवरही ठेवावे, कारण फोनही जाऊ शकतो. जुन्या, आजीच्या दागिन्यांवर खूण नसते. त्यांचे फोटो जास्त काळजीने घ्यावेत, डाख दिलेली जागा आणि तुटका मणी दिसेल असे. ‘सोन्याची माळ, अंदाजे पाच तोळे’ एवढ्या वर्णनावर पोलीस काही शोधू शकत नाहीत. त्यांना तोळाही ठाऊक नसतो.

आणि मुळात हे सगळे तिकडे न्यायचे कशाला? रोजचे मंगळसूत्र आणि एक-दोन बारीक डाग सोडले तर बाकीचे इकडच्या बँकेच्या लॉकरमध्ये राहू द्यावे. ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांनी लॉकरची सोय बहुतेक ठिकाणी बंद केली आहे. खासगी तिजोरी कंपन्या आहेत, पण २०१५ च्या ईस्टरच्या सुटीत लंडनच्या हॅटन गार्डनमधली तशीच एक तिजोरी भिंतीला भोक पाडून फोडली गेली. तेव्हा पेटीचा विमा किती आणि कोणाच्या नावे, हे विचारूनच सही करावी. लग्नासाठी दागिने नेऊन परत आणायचे असतील तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे. त्याला वेळ लागतो, म्हणून नेहमीपेक्षा दोन तास आधी पोहोचावे.

मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईबाबांसाठी वेगळी सूचना. सकाळी फिरताना गाडी शेजारी थांबते, आतली बाई दवाखान्याचा रस्ता विचारते, ‘आई’ म्हणून हात हातात घेते, आशीर्वाद मागते आणि कृतज्ञतेने स्वतःच्या गळ्यातली चकचकीत साखळी यांच्या गळ्यात घालते. साखळी पितळेची असते. ती घालताना खरी कधी काढून घेतली हे घरी आल्यावर कळते. असे कोणी जवळ आले की दोन पावले मागे सरकून नुसते हात जोडावेत. उद्धटपणा वाटेल याची चिंता करू नये. मंगळसूत्र कपड्याच्या आत, स्कार्फ वरून.

विद्यार्थ्यांकडे सोने नसते, त्यांच्याकडे बँक खाते असते आणि चोराला ते पुरते. ‘तुझ्या खात्यात दोन हजार पौंड येतील, दोनशे तू ठेव, बाकीचे पुढे पाठव’ अशी कामे समाजमाध्यमांवर मिळतात. शिक्षण संपवून परतणाऱ्याला ‘खाते विकत देतोस का’ असेही विचारले जाते. हे काळे पैसे फिरवणे आहे. बँक खाते बंद करते, फसवणुकीची खूण सहा वर्षे नावावर राहते, दुसरी बँक दारात उभे करत नाही आणि कायद्याने शिक्षा १४ वर्षांपर्यंत आहे.

‘गृहखात्यातून बोलतोय, तुमच्या व्हिसाच्या अर्जात चूक आहे, दंड आत्ता भरा’ हा फोन सरकारी क्रमांकावरून आल्यासारखा दिसतो. क्रमांक खोटा दाखवता येतो. ब्रिटनचे गृहखाते फोनवर दंड वसूल करत नाही. बँकेच्या नावाने फोन आला तर तो ठेवून १५९ फिरवावा, तिथून बहुतेक मोठ्या बँकांना खात्रीने जोडून मिळते. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवावे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत बँकांना ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते, दावा १३ महिन्यांच्या आत करायचा असतो. मात्र रक्कम ब्रिटनमधल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेली हवी. गिफ्ट कार्डाचे आकडे वाचून दाखवले किंवा पैसे परदेशी पाठवले, तर ही सोय नाही. लाजेपोटी मुले घरी सांगत नाहीत आणि त्यात हे महिने निघून जातात.

चोरी झालीच तर चोर घरात असेपर्यंत ९९९, नंतर १०१ किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर. काही आवरू नये, ठशांसाठी. घरफोडी असेल तर इंग्लंड-वेल्सच्या सर्व पोलीस दलांनी प्रत्यक्ष येण्याचे २०२२ मध्ये मान्य केले आहे, तेव्हा ‘नुसता नंबर घ्या’ म्हटले तर आठवण करून द्यावी. तक्रारीचा क्रमांक मात्र घ्यायचाच, विमा आणि पासपोर्ट दोन्हींना तो लागतो. दुभाषी मागता येतो. तक्रार केली म्हणून विद्यार्थी व्हिसावर गदा येत नाही. पासपोर्ट गेला असेल तर नव्यासाठी अर्ज करावा. घाईत मिळणाऱ्या आपत्कालीन प्रमाणपत्रावर फक्त भारतात येता येते, परत जाता येत नाही. व्हिसा आता इलेक्ट्रॉनिक असल्याने तो चोरीला जात नाही, पण नवा पासपोर्ट हाती आला की व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात त्याचा क्रमांक जोडावा. हे राहिले तर मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच अडवले जाण्याची वेळ येते.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि आता ब्रिटनच्या बऱ्याच शहरांत मंडळे आहेत. गणपती आणि दिवाळी यांच्या मधल्या आठवड्यांत प्रत्येक मंडळाने स्थानिक पोलिसांना एका संध्याकाळी बोलवावे आणि दाराचे सिलिंडर एकत्र मागवावेत. बसवायला येणारे हात मंडळात असतातच. फक्त मोजमाप प्रत्येकाने आपापल्या दाराचे, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे आणावे.

आपला,
एक वाचक