वेताळ टेकडीवरील वृक्षारोपण : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांस नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता पुण्यातील वेताळ टेकडीवर आपल्या गटातर्फे वृक्षारोपण होणार आहे. सर्वांनी ६.१५ पर्यंत एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने वर चढणाऱ्या वाटेपाशी जमावे. दीड फूट खोलीचे खड्डे आधीच घेतलेले आहेत.

टेकडीवर पूर्वी लावलेला गिरिपुष्प हा परदेशी वृक्ष दाट माजतो आणि त्याच्याखाली स्थानिक वनस्पती फारशा वाढत नाहीत. म्हणून यंदा केवळ सालई, धावडा, पळस, काटेसावर आणि बहावा हीच रोपे लावली जातील. घरच्या कुंडीतले गुलमोहराचे किंवा शोभेचे रोप प्रेमाने आणले, तरी ते स्वीकारता येणार नाही.

• पायात बूट असावेत; हातमोजे व पाण्याची बाटली सोबत आणावी.
• रोपाची प्लास्टिक पिशवी मुळांभोवतीची माती न फोडता कापावी आणि ती परत आणावी.
• मोकळ्या गवताळ पट्ट्यात जाऊ नये, कारण तितर व चंडोल तेथे जमिनीवरच घरटी करतात.

पावसाळ्यानंतर, विशेषतः मार्च ते मे या काळात, पाणी घालण्यासाठी ज्यांना आठवड्यातून एक सकाळ देता येईल, त्यांनी शुक्रवारपर्यंत संयोजकांकडे नाव नोंदवावे.