बूट टिकत नाहीत, हा दोष ग्राहकाचा नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला पादत्राणांवरचा लेख वाचल्यापासून मन स्वस्थ नाही, म्हणून आज सकाळी इतर कामे बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसलो आहे. लेखकाची भाषा चांगली आहे, आणि बूट पूर्वीसारखे टिकत नाहीत हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. आक्षेप आहे तो त्यांनी दिलेल्या कारणाला. आपण वस्तू वापरून टाकायला शिकलो आणि जपायला विसरलो, असे म्हणून त्यांनी मुख्य दोष वापरणाऱ्याच्या माथी मारला आहे. वर चौकट टाकून सल्लाही दिला आहे, की चांगले बूट रोज घालू नयेत, पुसून, आत कागद भरून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खोक्यात बंद ठेवावेत, म्हणजे ते वर्षानुवर्षे नव्यासारखे राहतात. संपादक महाशय, मी नेमके हेच केले होते.

चार वर्षांपूर्वी मी काळे, लेसचे, चामड्याचे बूट घेतले. समारंभाला आणि महत्त्वाच्या बैठकीला घालायचे म्हणून घेतले होते, त्यामुळे चार वर्षांत ते फार तर सहा वेळा पायात आले असतील. प्रत्येक वेळी घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसले, पॉलिश केले, कागदाचे बोळे भरले आणि पिशवीत घालून खोक्यात ठेवले. गेल्या महिन्यात आमचे एक जुने सहकारी वारले. त्यांच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायचे होते, म्हणून ते बूट काढले. दिसायला अगदी नवे होते. बोलताना डाव्या टाचेखाली काहीतरी दबल्यासारखे वाटले, पण तिकडे लक्ष देण्याची ती वेळ नव्हती. बोलून खुर्चीकडे परत आलो आणि मान खाली घातली, तेव्हा व्यासपीठापासून माझ्या खुर्चीपर्यंत फरशीवर काळ्या ढेकळांची रांग लागलेली दिसली. ते माझ्या बुटाचे सोल होते. मी उठायच्या आत गेलेल्या सहकाऱ्यांचा मुलगा पुढे आला आणि वाकून, एका कागदावर ते तुकडे गोळा करू लागला. त्या दिवशी ज्याच्यावर कोणतेही काम पडायला नको होते, त्या मुलाने माझ्या बुटांचा कचरा भरला. लाज वाटावी असे माझ्या हातून काही घडले नव्हते, तरीही मला त्या मुलाच्या डोळ्याला डोळा देता आला नाही, आणि ते अजून मनातून जात नाही.

घरी येऊन बूट उलटे करून पाहिले. वरचे चामडे शाबूत होते, शिलाई शाबूत होती, आतले अस्तर कुठेही फाटलेले नव्हते, लेसची टोकेसुद्धा जशीच्या तशी होती. तळाला मात्र अंगठा दाबला तर तो ओल्या मातीत जावा तसा आत जात होता आणि बोटाला काळा चिकट थर लागत होता. दुरुस्तीसाठी ज्या कारागिराकडे नेले त्यांनी रापीच्या टोकाने जरासे खरवडले, हातातली आरी खाली ठेवली आणि म्हणाले, "काका, टाका घालायला खाली काहीतरी घट्ट लागतं. ह्याच्यात कशात घालू?" नवीन तळ चिकटवता येईल का, असे विचारले, तर त्यांनी बुटाच्या कडेचा उथळ खोबणीसारखा साचा दाखवला. त्यावर बेतलेला तळ दुसरीकडे मिळत नाही, सपाट तळ त्यावर बसत नाही, आणि जुना तळ पूर्ण खरवडला तर वरच्या चामड्याची दुमडलेली कडही त्याच्याबरोबर निघते. मग ज्यांच्याकडून बूट घेतले त्यांच्याकडे गेलो. तिथे मला सांगण्यात आले, की बूट वापरले नाहीत म्हणून असे झाले.

आता आपले लेखक म्हणतात, लोक बूट सारखे वापरतात म्हणून ते टिकत नाहीत, आणि विकणारे म्हणतात, वापरले नाहीत म्हणून टिकले नाहीत. दोघांचेही बोट ग्राहकाकडे आहे. सोल कशाचे होते, याबद्दल मात्र दोघेही बोलत नाहीत.

ते सोल पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या फेसाचे होते. ओटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये हा पदार्थ शोधला, आणि बुटाच्या तळासाठी तो हलका, लवचिक आणि झिजेला चिवट म्हणून सोयीचा आहे, हे मी नाकारत नाही. त्याचा एक प्रकार पॉलिएस्टरवर आधारलेला असतो. हवेतला ओलावा त्यात शिरतो आणि त्याच्या रेणूंच्या साखळ्या जोडावर तोडतो. या विघटनातून आम्ल तयार होते आणि ते पुढचे विघटन आणखी वेगाने घडवते. उष्णता आणि दमटपणा असेल तर हे काम काही वर्षांतच उरकते. म्हणजे बूट पायात असोत वा कपाटात, कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून त्यांचे सोल म्हातारे होत असते. त्यातही ओलावा कोंडून राहील अशा बंद पिशवीत ठेवणे सर्वांत वाईट. आपल्या पुरवणीतील चौकट वाचून काल कितीतरी घरांत चांगले बूट प्लास्टिकमध्ये गुंडाळले गेले असतील, या विचाराने मला चैन पडत नाही.

ही काही गुपित गोष्ट नाही. प्लास्टिकच्या वस्तू जतन करणारे संग्रहालयांतले तज्ज्ञ पॉलियुरेथेनचा फेस सर्वांत लवकर नासणाऱ्या पदार्थांत मोजतात. डोंगर चढण्याचे बूट बनवणाऱ्या काही कंपन्या आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहितात, की सोलचा मधला थर काही वर्षांनी आपोआप विरतो, मोहिमेआधी तपासून घ्या. पॉलियुरेथेनचा पॉलिइथरवर आधारलेला दुसरा प्रकार ओलाव्याला कितीतरी चांगले तोंड देतो, हेही या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ठाऊक नसते ते फक्त पैसे देऊन बूट घेणाऱ्याला, कारण त्याला ते कुणी सांगत नाही.

लेखासोबत छापलेल्या छायाचित्राबद्दलही बोलणे भाग आहे. चित्रातल्या बुटाच्या कडेने फिरवलेली चामड्याची पट्टी आणि तिच्यावरचे टाके स्पष्ट दिसतात. त्या पट्टीला वेल्ट म्हणतात. लेखात टीका झाली ती चिकटवलेल्या बुटांवर, आणि चित्र छापले शिवलेल्या बुटाचे. ज्याला या दोहोंतला फरक माहीत नाही त्याने तो कुठून शिकावा? वेल्टच्या बुटात वरचा भाग आतल्या तळव्याला आणि वेल्टला शिवलेला असतो, आणि बाहेरचे सोल त्या वेल्टला वेगळ्या शिलाईने जोडलेले असते. सोल झिजले की बाहेरची शिलाई उसवायची, नवे सोल लावायचे, पुन्हा शिवायचे, आणि या सगळ्यात वरच्या चामड्याला सुईसुद्धा लागत नाही. माझ्या पहिल्या नोकरीतले बूट असेच होते. तीन वेळा त्यांचे सोल बदलले, दोन वेळा टाचा, आणि ते सोडले तेव्हाही वरचे चामडे धड होते, फक्त बोटांच्या घडीवर दोन सुरकुत्या खोल गेल्या होत्या.

म्हणूनच यंत्रे आली आणि बुटांचा दर्जा गेला, हे लेखकाचे वाक्य मला मान्य नाही. वेल्ट शिवण्याचे यंत्र चार्ल्स गुडइयर धाकटे यांच्या नावावर १८७० च्या सुमाराला आले. यान मात्झेलिगर या सुरिनाममध्ये जन्मलेल्या कारागिराने १८८३ मध्ये अमेरिकेत बुटाचे चामडे फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून बसवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. हाताने काम करणारा कुशल माणूस दिवसाला पन्नासएक जोड बसवत असे, ते काम या यंत्राने शेकड्यांवर नेले आणि बूट स्वस्त झाले. ज्यांना बूट परवडत नव्हते त्यांच्या पायात ते आले. ती यंत्रेच होती आणि त्यांतून निघालेले बूट उघडता येत होते. बिघडले ते बूट चिकटवून कायमचा बंद करण्याची रीत सरसकट झाली तेव्हा. चिकटवण्यालाही माझा विरोध नाही. पळण्याचे बूट हलके हवेत, त्यांना वेल्ट लावा असे कुणी म्हणणार नाही. पण २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पळण्याच्या एका साध्या जोडाचा हिशेब मांडला, तेव्हा त्यात ६५ सुटे भाग आणि ते तयार करून जोडण्याच्या ३६० हून अधिक पायऱ्या निघाल्या. यातला एक मधला थर दबून गेला, की उरलेले सगळे भाग त्याच्याबरोबर कचऱ्यात जातात. जगात दरवर्षी २० अब्जांहून अधिक जोड तयार होतात. ग्राहकाला जपायला शिकवण्याआधी हा आकडा लेखकाने डोळ्यांसमोर ठेवायला हवा होता.

चामड्याचीही तीच गत आहे, त्यावर थोडक्यात लिहितो. कातडीचा वरचा, दाट तंतूंचा थर काढून घेतल्यावर खाली जो सैल थर उरतो, त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन, दाणे उठवून तोही अस्सल चामडे म्हणून विकला जातो. शब्दशः ते खोटे नाही. पण वर्षभरात बोटांच्या घडीवर तो लेप सालपटासारखा निघाला, की त्याला कोणतेही पॉलिश लागू पडत नाही.

मला मागायचे आहे ते फार थोडे आहे. मोटारीच्या टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यांतून टायर कोणत्या वर्षी कोणत्या आठवड्यात बनला हे कळते. कामगारांच्या सुरक्षा-बुटांसाठी आयएसओ २०३४५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात बुटावर निर्मितीचा काळ उमटवणे बंधनकारक आहे. मग जे बूट घालून आम्ही कचेरीत आणि समारंभाला जातो त्यांच्यावर महिना आणि वर्ष, साध्या माणसाला वाचता येईल असे, का असू नये? युरोपीय संघाने १९९४ मध्येच बुटाचा वरचा भाग, अस्तर आणि सोल कशाचे आहे हे चिन्हांनी दाखवण्याचा नियम केला. पण त्यातही रबर आणि पॉलियुरेथेन दोन्ही 'इतर साहित्य' या एकाच चिन्हाखाली जातात, आणि सोल शिवलेले आहे की चिकटवलेले याचा उल्लेखच नाही. सोलचा पदार्थ, जोडण्याची पद्धत आणि निर्मितीचा महिना एवढ्या तीन गोष्टी खोक्यावर छापल्या, तर काय घेतो आहोत हे समजून घेता येईल, आणि मग बूट कसे जपावेत याचा उपदेश ऐकून घ्यायला माझी हरकत नाही.

तोवर आपल्या वाचकांसाठी एवढे कृपया छापावे. खोक्यात ठेवलेले बूट पिशवीतून बाहेर काढून हवा खेळेल अशा कोरड्या जागी ठेवावेत आणि अधूनमधून पायात घालावेत. बाहेर जायचे असेल त्याच्या आदल्या दिवशी बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहावेत आणि टाचेच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबावे. बारीक भेगा दिसल्या, अंगठ्याची खूण तशीच राहिली किंवा बोटाला चिकट लागले, तर ते बूट घालू नयेत. कालच्या चौकटीतला सल्ला चुकीचा होता, हे त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावे अशी विनंती आहे. माझे मागचे पत्र आपण निम्मे कापले होते. हे कापावेच लागले, तर माझ्या शोकसभेची हकिकत काढून टाका, पण हा परिच्छेद राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक